पुढल्या सभेवर ठेवलेली पोर

धुळ्याच्या मुलींच्या बोर्डिंगात भागाबाईनं सतरा वर्षं चूल सांभाळली. त्या सतरा वर्षांत आपण होऊन पदर सावरावा असं माणूस तिला तिथं एकही दिसलं नाही. पदर ती सावरायची, पण तो चुलीत जाऊ नये म्हणून.

बोर्डिंग शेतकरी घरांतल्या मुलींसाठी होतं. गावातल्या पाच वजनदार मंडळींनी ते काढलं होतं. एक कापसाच्या जिनाचे मालक, एक वकील, दोन बागायतदार आणि एक पेन्शनीत निघालेले मास्तर. पाचांपैकी एकाच्याही घरची मुलगी तिथं राहत नव्हती. त्यांच्या लेकी तेरा-चौदाव्या वर्षीच सासरी पोचल्या होत्या, आणि आता दुसऱ्यांच्या लेकी शिकवून समाज पुढं न्यायचं या मंडळींनी मनावर घेतलं होतं.

एकोणतीस साली त्यांना स्वयंपाकीण हवी होती. बाई उतारवयाची पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. महिन्यातले चार दिवस चूल बंद राहायला नको, हे त्यामागचं कारण; पण ते उघड विचारणार कोण? भागाबाई समोर उभी राहिली तेव्हा वकिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "तुम्हांला, म्हणजे, दर महिन्याची काही अडचण तर नाही?"

"कसानी अडचण, भाऊ?"

पहिल्यांदा तिला खरंच कळलं नव्हतं. मग तिनं वकिलांचे लाल झालेले कान पाहिले आणि तिला सगळं कळलं. ती मुद्दाम गप्प राहिली. पाच शिकलेले पुरुष एकमेकांच्या पागोट्यांकडे बघत बसले. शेवटी जिनवाले धनसिंगभाऊ म्हणाले, नाही ना, मग झालं तर. भागाबाई तेव्हा चौतीस वर्षांची होती. केस तेवढे अकाली पिकले होते, आणि त्या केसांवर तिला नोकरी मिळाली. पुढं कित्येक वर्षं तिनं महिन्याचे तीसही दिवस स्वयंपाक केला. वार्षिक समारंभाला ही सोवळी मंडळी तिच्या हातची वरण-बट्टी बोटं चाटून खायची. ती दाराशी हात बांधून उभी राहायची आणि पाहायची. कुणाचं पोट कधी दुखलं नाही.

माणसांबद्दल तिचं मत इतकं वाईट होण्याला कारण होतं, आणि ते साक्रीच्या पुढं डोंगराकडच्या एका गावात घडलं होतं.

ते तिचं सासर. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी न्हाण, आणि न्हाण आल्याबरोबर सासरी रवानगी. तिथं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की महिन्यातले चार-पाच दिवस आपलं अंग आपलं राहत नाही. छाती ठणकायची, चोळी काचायची, पोट फुगायचं. भाकरी थापता थापता डोळ्यांतून पाणी गळायचं आणि पीठ खारट व्हायचं. कुणी नुसती हाक मारली तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. एकदा तिनं शेणाची पाटी नणंदेच्या पायावर आपटली आणि मग स्वतःच गोठ्यात बसून हमसून हमसून रडली. मग एके सकाळी कावळा शिवायचा, आणि ताप उतरावा तसं ते सगळं उतरून जायचं.

बाजूला बसली की तीन दिवस घरादाराला ठाऊक असायचं भागाला काय झालंय. भांडं वेगळं, गोधडी वेगळी, सावलीसुद्धा वेगळी. त्या आधीच्या चार दिवसांना मात्र त्या घरात नाव नव्हतं. सासूनं मग आपलं एक नाव दिलं, माज. सासऱ्यानं दुसरं दिलं, बाहेरचं. सासरा घरातला कर्ता असल्यामुळे त्याचं नाव चाललं, आणि भगताला बोलावणं गेलं.

भगतानं तिचे केस मुठीत धरून विचारलं, तू कोण? ती म्हणाली, मी भागा. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. चौदा वर्षांची पोर आपलं खरं नाव सांगत होती आणि अंगणात जमलेली चाळीस माणसं ते खोटं धरत होती. शेवटी विळ्याचं टोक तापवून तिच्या पोटाला तीन डाग दिले. तिची तारीख तशीही आलीच होती. त्याच दुपारी ती बाहेर बसली आणि शांत झाली. भूत उतरलं म्हणून भगत कोंबडा घेऊन गेला. डाग पुढं बरे झाले, पण त्या फुकट गेलेल्या कोंबड्याची चीड भागाबाईच्या मनातून जन्मात गेली नाही.

पुढच्या महिन्यात भूत परत आलं. तेव्हा तिला माहेरी आणून सोडलं आणि नवऱ्याला दुसरी करून दिली.

माहेरी तिला कुणी मारलं नाही. कुणी बोललंही नाही. बरोबरीच्या पोरी सासरी गेलेल्या, लहान पोरींना त्यांच्या आया तिच्याजवळ फिरकू देत नसत. आई भाकरी पुढ्यात सरकवायची आणि दुसरीकडे बघायची. गोठ्यामागं एक मोडकी गाडी पडली होती. त्या वाईट दिवसांत भागा तिच्या चाकाला टेकून बसायची आणि आपल्याला वेड लागत चाललंय, असं मनाशी धरून चालायची. असं एक-दोन नव्हे, कैक वर्षं चाललं. मोठी झाल्यावर तिला उमगलं, की आईला ठाऊक असणार. आत्याला ठाऊक असणार. सासूलासुद्धा. गावातल्या निम्म्या बायकांना कमी-जास्त तसंच होत असणार. ज्यांनी तोंड उघडून एक वाक्य बोलायचं, त्या ते बोलल्या नव्हत्या. भगत बिचारा अडाणी होता, त्याला ती एक वेळ सोडायची. या बायकांना तिनं सोडलं नाही.

अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत नवरा गेला. सासरचा माणूस निरोप घेऊन आला आणि भावकीतल्या बायका आपणच भरलेल्या बांगड्या फोडायला जमल्या. ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्यासाठी हात पुढं करायचा होता. "फोडा," ती म्हणाली, "काच तुमनीच शे." पुढं कुणी पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं, बोलणं काढलं, तर ती उठून भांडी घासायला जायची.

अशी ती धुळ्याला आली होती.

बोर्डिंगात बारा मुली. त्यांच्यावर सुनंदाबाई देखरेखीला. सुनंदाबाई पुण्यात शिकून आलेल्या, घंटा वाजवायची त्यांना फार हौस. उठायची घंटा, न्हायची घंटा, प्रार्थनेची घंटा. मुलींनी शुद्ध बोललं पाहिजे, असा त्यांचा कडक नियम. 'शे' म्हटलं की उभं राहायचं आणि 'आहे' दहा वेळा म्हणायचं. भागाबाईला त्यांनी एकदा सुधारायला घेतलं होतं. भागाबाई त्या दिवशी वरणात मीठ घालायला विसरली. पुन्हा तसा प्रयत्न झाला नाही.

तेहतीस साली झुंबर आली. साक्री तालुक्यातल्या पुना नावाच्या शेतकऱ्याची ही मुलगी, चौदा वर्षांची, काळीसावळी, हाडापेरानं मोठी. गावच्या मास्तरानं पोर हुशार आहे म्हणून बापाच्या मागं लागून पाठवलेली. बाप तिला ओट्यावर सोडून मागं वळून न बघता निघून गेला. पहिल्याच दिवशी तिनं 'पानी कोठे शे' विचारलं आणि अकरा मुली हसल्या. त्यातल्या नऊजणी घरी असंच बोलत होत्या. त्या दिवसापासून झुंबरनं तोंड मिटलं. वर्गात उत्तर येत असून हात वर करायची नाही. जेवताना पंगतीच्या टोकाला. झोपायला भिंतीकडं तोंड करून. दोन महिने ती पोर कुणाशी एक अख्खं वाक्य बोलली नसेल.

भागाबाईनं तिच्याकडं लक्ष दिलं असंही नाही. रडकी पोरं तिला आवडत नसत. पण एका दुपारी सरपण आणायला मागं गेली, तर लाकडांच्या ढिगाआड झुंबर बसलेली. गुडघे पोटाशी, तोंडात पदराचा बोळा, आवाज फुटू नये म्हणून. आदल्या दिवशी तिनं एका मुलीची पाटी भिंतीवर मारून फोडली होती आणि सुनंदाबाईंनी तिचं जेवण तोडलं होतं. भागाबाई लाकडं उचलून निघाली. दोन पावलं गेली, आणि आपल्यालाच शिवी हासडून परत आली.

"मांगे बाजूले कव्हय बठनी व्हती तू?"

झुंबर भेदरून बघत राहिली. असल्या गोष्टी कुणी अशा भर दुपारी विचारतं? भागाबाईनं पुन्हा विचारलं तेव्हा तिनं बोटं मोडून कसंबसं सांगितलं. भागाबाईनं मनात हिशेब केला. छाती दुखते का, विचारलं. पोट फुगतं का. मरावंसं वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला पोरीची मान हलत होती आणि डोळे मोठे होत होते, जणू ही बाई भिंतीपलीकडचं बघतेय.

"चार दिन राहस. मंग आपेआप जास," भागाबाई म्हणाली. "दर महिनाले येई. येडं कोनी व्हस नही, मरस नही. आते ऊठ, लाकडं उचल."

एवढंच. पाठीवरून हात फिरवणं वगैरे भागाबाईच्या स्वभावात नव्हतं. पण लाकडं चुलीपाशी टाकल्यावर झुंबर गेली नाही. तिथंच पाटावर बसली आणि बोलायला लागली. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं, तिच्या बोलीत, थांबता थांबेना. म्हैस, धाकटी बहीण, बाप, डोंगरावरचा सीताफळीचा ओढा. भागाबाईनं ऐकलं न ऐकलंसं करून तिच्यापुढं निवडायच्या डाळीचं सूप सरकवलं. त्यानंतर बसायच्या आधीचे ते चार दिवस आले की झुंबर शाळा सुटल्यावर थेट स्वयंपाकघरात यायची. भागाबाई वीट तापवून फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी द्यायची, ओवा-गूळ द्यायची, आणि रागाची उबळ आली तर मिरच्या कुटायला बसवायची. उखळाशी भांडायला कुणाची ना नव्हती.

पण बारा मुलींचं बोर्डिंग काही स्वयंपाकघरात मावत नाही. पौष महिन्यात बाहेरगावचे एक बडे पाहुणे संस्था बघायला आले. मुलींना रांगेत उभं करून स्वागतपद्य म्हणायला लावलं. झुंबरचे ते दिवस होते. भागाबाईनं सकाळीच सुनंदाबाईंना सांगितलं होतं, तिला आज माझ्याकडे राहू द्या. सुनंदाबाई म्हणाल्या, रांगेत अकराच दिसल्या तर कसं दिसेल? पद्याच्या दुसऱ्या कडव्यात झुंबर मटकन खाली बसली आणि रडू लागली. सुनंदाबाईंनी हसऱ्या तोंडानं तिचा दंड धरून ओढलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा झुंबरनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

पाहुण्यांनी चष्मा पुसला. धनसिंगभाऊंनी मान खाली घातली.

रविवारी दुपारी मंडळाची सभा भरली. मुलीला काढून टाकायचं, हे घरून येतानाच ठरलं होतं. ठराव तेवढा लिहायचा. पेन्शनीतले अभिमन मास्तर सेक्रेटरी, नियमाचा माणूस. ते म्हणाले, मुलीला एकदा समोर बोलावून विचारल्याशिवाय ठराव होत नाही. सुनंदाबाई म्हणाल्या, ती येऊ शकत नाही.

"आजारी आहे?"

"नाही."

"मग गावी गेली?"

"नाही, इथंच आहे. मागच्या खोलीत." सुनंदाबाईंनी मनगटावरची पट्टी उगाच घट्ट केली. "बुधवारपर्यंत येऊ शकत नाही."

सगळ्यांना एकदमच कळलं आणि सगळ्यांनी एकदमच छताकडं पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. भागाबाई त्याच वेळी चहाच्या कपबश्या घेऊन आत आली होती. तिनं पाच वरती झालेल्या हनुवट्या पाहिल्या. नोकरी धरताना पाहिलेले तेच कान, तोच लाल रंग. तिला वाटलं, देवानं यांना मिशा उगाच दिल्या.

ती चहा ठेवून गेली नाही. "ती बाजूले बठेल शे," तिनं सांगून टाकलं. आणि मग आवाज न चढवता, भाजीत काय घातलं हे सांगावं तसं, सगळं सांगितलं. चावली तो दिवस बसायच्या तीन दिवस आधीचा होता. पाटी फोडली तेव्हाही तसंच. बसायच्या आधी चार दिवस या पोरीचं अंग दुखतं, छाती दुखते, जीव नकोसा होतो. सुरू झालं की उतरतं. पुष्कळ पोरींना होतं, कुणाला थोडं, कुणाला फार. तुमच्या घरच्या लेकीसुनांनाही होत असेल, कधी विचारलंय का?

वकिलांनी चहा हातात घेतला आणि प्यायला विसरले. एक बागायतदार उठून खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरच्या बैलगाड्या मोजायला लागले. धनसिंगभाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही आत जा."

"मी जास, भाऊ. पन तिले घर धाडशात ते कागदवर कारन काय लिखशात?"

आणि ती गेली. दाराआड उभी राहिली, कारण ही मजा तिला सोडवेना.

अभिमन मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. 'सदर विद्यार्थिनी' एवढं लिहून त्यांनी वर पाहिलं. वकील म्हणाले, वर्तणूक खराब, असं घाला. मास्तर म्हणाले, हजेरीच्या बुकात तिची वर्तणूक महिन्यातले पंचवीस दिवस उत्तम लिहिली आहे, वरचे लोक विचारतील. प्रकृती अस्वास्थ्य? मग डॉक्टरचा कागद लागेल, आणि डॉक्टरला काय सांगायचं? वेडसर? पहिल्या तिघींत नंबर आहे. तासभर त्या पाच माणसांनी शब्द शोधला, आणि जो एकच शब्द तिथं बसत होता तो प्रोसिडिंग बुकात लिहिण्याची छाती एकाचीही झाली नाही. शेवटी मास्तरांनी लिहिलं, 'विषय पुढील सभेवर ठेवला.'

पुढल्या सभेत तो पुढल्या सभेवर ठेवला, आणि त्या पुढल्याही सभेत. असा झुंबरचा विषय दोन वर्षं चार महिने पुढं जात राहिला, आणि तेवढ्यात ती सातवीची फायनल पास होऊन निघूनही गेली. सुनंदाबाईंनी एवढं केलं, की त्या चार दिवसांत तिला रांगेत उभं करणं सोडलं. समजून सोडलं, की मनगटाच्या भीतीनं, हे विचारायच्या भानगडीत भागाबाई पडली नाही.

झुंबर जाताना पाया पडली. भागाबाईनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, मोटार चुकेल.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी भागाबाईचं स्वतःचं थांबलं. महिन्यांमागून महिने कोरडे जायला लागले तेव्हा तिला वाटलं, आता आपण थंड होऊ. छातीचा ठणका गेला, रडं गेलं. राग मात्र गेला नाही. उलट तो आता महिनाभर सारखाच राहायला लागला, आणि तिला त्याचं नवल वाटलं. म्हणजे इतकी वर्षं लोक ज्याला दिवसांचा दोष म्हणत होते, त्यातला अर्धा तरी तिचा स्वतःचा, समजून उमजून आलेला राग होता. तिला हे कळल्यावर बरं वाटलं. अंगात दम आला.

चव्वेचाळीस साली वार्षिक समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून झुंबरबाई आल्या. आता त्या साक्रीकडच्या मुलींच्या शाळेत मोठ्या बाई होत्या. काठाचं पातळ, हातात घड्याळ. भाषणात त्या शिस्तीबद्दल बोलल्या, सुनंदाबाईंच्या मायेबद्दल बोलल्या, आणि 'आहे' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा नि इतका स्वच्छ उच्चारला, की दाराशी उभ्या भागाबाईला वरणाकडं जाऊन यावं लागलं.

जेवणं झाल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. पाटावर बसल्या, पण पातळाला काजळी लागू नये म्हणून जरा पुढं. भागाबाईनं विचारलं, शाळा कशी चाललीय. उत्तम चाललीय, त्या म्हणाल्या. मुलींना वळण लागतंय. मग हसून सांगितलं, एक मेली कार्टी होती सहावीत, सुगंधा म्हणून, हुशार पण नाठाळ. मधूनच घुमी होऊन बसायची, पुस्तकं भिरकावायची. दोनदा समज दिली. मागच्या महिन्यात नावच काढून टाकलं.

भागाबाई तवा घासत होती. तिचा हात थांबला.

"कोनता दिन व्हतात?"

झुंबरबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, अगदी मंडळातल्या माणसांसारख्या. भागाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं ती आजवर सासू, भगत, वकील आणि सुनंदाबाई यांच्याकडं बघत आली होती. त्या चौघांकडं बघताना तिला कधी जड गेलं नव्हतं. आज गेलं.

"मी विचारलंच नाही," झुंबरबाई हळूच म्हणाल्या.

"हां," भागाबाई म्हणाली, आणि तवा घासू लागली. बराच वेळ झुंबरबाई बसून होत्या. काही ऐकायला मिळेल म्हणून बसल्या असतील. काही मिळालं नाही. चारच्या मोटारीनं त्या गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं. भागाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून सुनंदाबाईंनी चष्मा लावून ओट्यावर वाचून दाखवलं. वर चार ओळी नमस्कार, खाली तीन ओळी आशीर्वादाची अपेक्षा, आणि मधे एकच वाक्य : 'सदर विद्यार्थिनीच्या घरी स्वतः जाऊन, तिच्याशी बोलून, तिला पुन्हा दाखल करून घेतले आहे.'

"ही सदर विद्यार्थिनी कोण?" सुनंदाबाईंनी विचारलं.

कुणाची तरी पोर आहे, भागाबाई म्हणाली. एवढं शिकून हिला अजून सरळ लिहिता येत नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं पत्र घेऊन पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि आज जेवायला किती जणी आहेत ते विचारलं.